दोनशे जणांचा हट्ट

जसीला कोझिकोडच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. अर्धांगवायूने लुळा पडलेला हात आरशासमोरच्या व्यायामाने किती सुधारतो, यावर तिला पीएच.डी. करायची होती. किती रुग्ण घ्यावेत हे विचारायला लांब जायचं कारण नव्हतं. नवरा शमीर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा.

"इक्का, बावन्न पुरतात," तांदळाची पातळ पत्तिरी पानात वाढता वाढता ती म्हणाली; नवऱ्याला ती 'इक्का' म्हणायची. "आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघालाय. व्यायामाने पडणारा फरक चांगला दणदणीत आहे. त्यावरूनच काढलाय आकडा."

"दोनशे घे."

"डोकं ठिकाणावर आहे ना? एवढे रुग्ण आणू कुठून?"

"फरक मोठा धरला की माणसं कमी लागतात. पण तो आढाव्यातला फरक फुगलेला असणार. मला सांग, तुझ्याकडे हलव्याचा डबा घेऊन कोण येतं?"

"बरे झालेले."

"आणि ज्यांचा हात सुधारला नाही?"

बेपूरचा एक शिंपी तिला आठवला. महिनाभर येऊन तो न सांगताच यायचा बंद झाला होता.

"अभ्यासांचंही तेच," शमीर म्हणाला. "ज्यांना यश आलं ते छापून आले, बाकीचे कपाटात पडून. आढावा घेणाऱ्याला हलवेवालेच दिसले. आपण फरक निम्माच धरू, म्हणजे माणसं जवळपास चौपट लागतात."

त्याचं पटलं, म्हणूनच तिला जास्त राग आला. आठवडाभर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मग मुकाट्याने वडकरा आणि मलप्पुरमच्या इस्पितळांतल्या मैत्रिणींना फोन लावले, तिथलेही रुग्ण मिळवले.

दर रविवारी शमीर तिला गाडीतून तिकडे न्यायचा. अर्ध्या रुग्णांना आरशासमोरचा व्यायाम होता, अर्ध्यांना नेहमीचा. शेवटची आकडेमोड शमीर करणार होता; कोण कुठल्या गटात हे त्याला कळता कामा नये, म्हणून तो बाहेर बाकावर बसायचा. नातेवाइकांशी फुटबॉलवर वाद घालायचा, म्हाताऱ्यांना चहा पाजायचा. "तुमचे मिस्टर डॉक्टरपेक्षा बरे," एक आजीबाई जसीलाला म्हणाल्या.

दोन वर्षांनी निकाल हाती आला. फरक होता, पण आढाव्यातल्याच्या निम्म्याहूनही थोडा कमी.

"एवढासाच?" जसीलाचा चेहरा पडला. "बावन्नच घेतले असते तर?"

"बहुधा काहीच दिसलं नसतं. नाहीतर नशिबाने भलताच मोठा दिसला असता, आणि तू उगाच हवेत गेली असतीस. हा बारका आहे, पण भरवशाचा आहे."

शमीर तिच्याजवळ सरकला.

"वडकऱ्याला एक मास्तर यायचे ना? शेवटच्या रविवारी माझ्यासमोर त्यांनी शर्टाचं बटण स्वतः लावलं. बायको मदतीला धावली तर तिच्यावरच डाफरले. मला रडू आलं गं."

जसीलाने चमकून त्याच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस रडल्याचं तिने ऐकलं नव्हतं. "ते कुठल्या गटात होते, बघू?"

"नको," तिचा हात धरत शमीर म्हणाला. "ते बटण तेवढं हिशोबाबाहेर राहू दे."