फळ्यावर लिहिलेलं कांचनचं नाव

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो. पण शाळेतला नव्हे, तेव्हा मला पाढे विचारू नका. झाशीच्या सिविल लाइंसमध्ये जनसेवा कार्यालय होतं, त्याच्या व्हरांड्यात मी सव्वीस वर्षं टांगलेला होतो. मला पाठ आहेत त्या बातम्या. कांबळी कधी वाटणार, विधवांच्या पेन्शनचे अर्ज कुठल्या खिडकीवर घेणार, कुठल्या बाबूची बदली कुठे झाली, हे सगळं माझ्या अंगावर खडूनं लिहिलं जाई. त्यातल्याच एका बातमीपायी एका भल्या माणसाचा जीव गेला. म्हणून ही गोष्ट मला सांगितलीच पाहिजे.

माझा जन्मच मुळी मारहाणीतला. जंगलात साग म्हणून उभा होतो, तिथे माणसांनी मला कुऱ्हाडीनं पाडलं, करवतीनं उभं चिरलं आणि सुतारानं माझ्या चारही कडांना खिळे ठोकले. सुतार मोठा हसतमुख माणूस होता. खिळे ठोकताना गुणगुणायचा. मारणारा दर वेळी रागातच असतो असं नाही, एवढं मला तेव्हाच कळलं. मग माझ्या अंगावर काळ्या रंगाचे तीन हात चढले आणि स्वातंत्र्यानंतर चौथ्या वर्षी मी व्हरांड्यात आलो.

तिथे मला विद्याधर भेटला. तो कार्यालयातला कारकून. त्याचे पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून झाशीत पूजाअर्चेसाठी आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि राग आला की दोन्हींची खिचडी. अंगानं काडी, पण अक्षर असं की लोक थांबून बघत. दर सोमवारी तो ओल्या फडक्यानं मला पुसून काढी आणि मधोमध एक उभी रेघ मारी. डावीकडे ‘जनसेवा’, उजवीकडे ‘कर्मचारी समाचार’. कुणाचा मुलगा पास झाला, कुणाला नात झाली, कोण निवृत्त होणार आणि समोसे कधी मिळणार, सगळं उजवीकडे. एकदा त्यानं टहरौलीला बदली झालेल्या एका बाबूच्या नावापुढे ‘हार्दिक बधाई’ लिहिलं. त्या आडगावी जाणारा तो बाबू महिनाभर विद्याधरशी बोलला नाही.

पण मित्रांनो, त्या व्हरांड्यात समोसे वर्षातून चार वेळा आणि जखमा रोज येत. सुनेनं ढकलून दिलेली म्हातारी, मालकानं चटके दिलेली मोलकरीण, पोटच्या पोरानं दात पाडलेला बाप. एका पौषात कांबळ्यांची वाटणी होती. कांबळी तीनशे आणि माणसं हजारावर. गर्दी उसळली तशी मी खुंटीवरून खाली आलो, आणि एक म्हातारा माझ्यावर पडला. त्याच्यावर माणसं चढली. त्याच्या बरगड्या मोडताना मी त्याच्या पाठीखाली होतो. तो आवाज लाकूड मोडल्यासारखाच असतो, म्हणून मला नीट ओळखता आला. शिपाई जनार्दननं लाठी फिरवत वाट काढली आणि त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं. म्हातारा वाचला. कांबळं मात्र त्याला मिळालं नाही.

हा जनार्दन फाटकावर बसायचा. पिळदार मिशा, आवाज नगाऱ्यासारखा आणि मन लोण्याचं. रडत आलेल्या बाईला आधी पाणी द्यायचं आणि मग नाव विचारायचं, हा त्याचा नियम.

एका सकाळी त्यानं असंच पाणी दिलं ते कांचनला. समथर गावातल्या जुन्या मराठा शिपायांच्या घराण्यातली ही सून. उजवं मनगट मोडून लोंबत होतं आणि डाव्या कानाची पाळी फाटली होती, कारण नवऱ्यानं कानातलं ओढून काढलं होतं. नवरा भीमराव. समथर ते झाशी धावणाऱ्या बसवर तो कंडक्टर होता.

अधीक्षिका शारदाबाई बाहेर आल्या. त्यांच्यापुढे कांचन हुंदका न देता म्हणाली, “बाई, वो बोला है, जिथे सापडशील तिथे मारीन. आणि तो बोलतो ते करतो.”

शारदाबाईंनी विद्याधरला बोलावलं. “रजिस्टरात हिचं नाव घालायचं नाही. मागच्या शिवणकेंद्रात राहील. तुला, मला आणि जनार्दनला ठाऊक, बस्स. नवरा रोज झाशीत येतो, हे विसरू नकोस.”

“विसरेन कसा, बाई?” विद्याधर म्हणाला.

शिवणकेंद्र म्हणजे अंगणापलीकडची लांब खोली. वीस-बावीस बायका तिथे मशीन चालवायच्या. मनगट जुळल्यावर कांचन तिथे कापायला, बेतायला, शिवायला शिकली आणि दुपारच्या सुट्टीत अक्षरंही शिकली. भीमराव दोनदा फाटकाशी येऊन गेला. दोन्ही वेळा जनार्दननं “इथे कोई कांचन-वांचन नहीं” म्हणून त्याला वाटेला लावलं. असं करता करता दोन वर्षं सरली. शिवणाच्या परीक्षेत कांचन जिल्ह्यात पहिली आली आणि त्याच केंद्रात शिक्षिका म्हणून तिची नेमणूक झाली.

आणि इथे विद्याधरची मती फिरली. नव्या माणसाचं नाव समाचारात आलंच पाहिजे, हा कार्यालयाचा रिवाज. त्यात ही पहिली आलेली. दोन वर्षांत नवरा विसरलाही असेल, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं. सोमवारी तो सगळ्यांच्या आधी आला आणि आयुष्यातल्या सर्वांत सुंदर अक्षरात त्यानं लिहिलं: ‘श्रीमती कांचन, समथर, हमारे सिविल लाइंस सिलाई केंद्र की नई शिक्षिका. हार्दिक बधाई.’ वर रंगीत खडूनं दोन झेंडूही काढले. खरं सांगतो, मित्रांनो, मलाही मिरवल्यासारखं झालं. आगीशी खेळ चालला होता, आणि मी खुशीत होतो.

कांचन आली. एकेका अक्षराखाली बोट धरत तिनं वाचलं. आपलं नाव असं चारचौघांत लिहिलेलं ती पहिल्यांदाच बघत होती. चेहरा उजळला आणि लगेच पांढरा पडला.

“भैया, मला विचारलं का नाही?”

“अगं, खुशीची गोष्ट. त्यात विचारायचं काय?”

“पुसून टाका.”

“आज राहू दे ना, कांचन. शाम को पोंछ दूंगा. वचन.”

तिनं पुन्हा एकदा नावाकडे बघितलं. “शाम तक,” ती म्हणाली. तिलाही ते पुसावंसं वाटत नव्हतं, हे मला दिसत होतं.

त्याच दिवशी म्हाताऱ्या माणसांना फुकट चष्मे वाटायचे होते. दुपारी भीमराव आपल्या आईला घेऊन आला. जनार्दन आत चष्म्यांची खोकी उचलत होता. आई रांगेत बसली आणि भीमराव वेळ घालवायला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. कंडक्टर माणूस, पाट्या वाचायची सवय. त्यानं डावी बाजू वाचली, उजवी वाचली, मग उजवी पुन्हा वाचली. मी ओरडू शकलो असतो तर व्हरांडा हादरवला असता. त्यानं आईच्या नाकावर नवा चष्मा हलक्या हातानं चढवला, तिला टांग्यात बसवलं आणि निघून गेला. संध्याकाळी विद्याधरनं वचनाप्रमाणे मला पुसलं. वरातीमागून घोडं ते हेच.

मंगळवारी भर दुपारी भीमराव लोखंडी पहार घेऊन आला. फाटकात जनार्दन आडवा झाला. “आगे नहीं जाओगे,” तो म्हणाला. पहिला घाव त्याच्या गुडघ्यावर बसला. तो खाली पडला, पण भीमरावचा पाय त्यानं दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि अंगणभर फरफटत गेला तरी सोडला नाही. “कांचन, दरवाजा बंद कर!” तो ओरडत होता. मग भीमरावनं त्याच्या डोक्यात पहार घातली आणि ते हात सुटले.

“किधर है मेरी औरत? नाम लिखके बैठे हो, अब छिपाते क्यों हो?”

बाबू लोक टेबलांखाली शिरले. जन्मात कधी झुरळ न मारलेल्या विद्याधरनं मला खुंटीवरून उचललं, छातीशी आडवं धरलं आणि धावत जाऊन केंद्राच्या दारात उभा राहिला. त्याचं हृदय माझ्या पाठीवर धडधडत होतं. पहार माझ्या मधोमध बसली आणि मी वरपासून अर्ध्यापर्यंत फाटलो. दुसऱ्या घावानं विद्याधरच्या खांद्याचं हाड मोडलं. तो मला घेऊन कोसळला, तसा भीमराव आम्हाला तुडवून आत गेला. दोन वर्षांपूर्वी मोडलेलं कांचनचं तेच मनगट त्यानं पुन्हा मोडलं. तिच्या कपाळातून रक्त वाहू लागलं. मशिनी उलटल्या. त्यानं तिसऱ्यांदा हात उगारला, आणि कुसुमावती नावाच्या एका विधवेनं पेटलेल्या कोळशांची इस्त्री उचलून त्याच्या तोंडावर फेकली. तो चेहरा धरून किंचाळत खाली बसला. मग सगळ्या बायका मिळून त्याच्यावर तुटून पडल्या. पोलीस आले तेव्हा तो लुगड्याच्या पट्ट्यांनी बांधलेला होता आणि त्याचे पुढचे दात जागेवर नव्हते. मला त्याची कीव आली नाही. आजही येत नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात जनार्दन गेला.

भीमराव कोठडीत होता, पुढे त्याला जन्मठेपही झाली, पण त्याचे दोन भाऊ मोकळे होते. “नाम मिल गया है, अब हम देखेंगे,” असा निरोप त्यांनी समथरच्या बसबरोबर पाठवला. शारदाबाईंनी मला पट्टी मारून पुन्हा टांगलं आणि हुकूम काढला, यापुढे फळ्यावर कुणाचंही नाव येणार नाही. कांचनला दूरच्या शहरात पाठवायचं ठरलं. विद्याधर गळ्यात हात बांधून माझ्यासमोर उभा राहिला. “माझ्या अक्षरानं मारलं त्याला,” म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. मीही त्यात होतो, हे त्याला कोण सांगणार?

पुढच्या सोमवारी कांचन आली. डोक्याला टाके, उजवा हात प्लास्टरमध्ये. तिनं विद्याधरच्या टेबलावरचा खडू डाव्या हातात घेतला.

शारदाबाई धावत बाहेर आल्या. “कांचन, काय करतेस? तुझ्या भल्यासाठीच सांगतेय मी.”

“बाई, तुम्ही नाव लपवलंत, मला विचारलं नाहीत. भैयांनी लिहिलं, विचारलं नाही. आता मला दूर पाठवताय, तेही विचारलं नाहीत.” तिनं खडू खाली ठेवला नाही. “जनार्दन भैया मेला तो माझं दार राखताना. ते दार टाकून मी कुठे जाऊ? मैं नहीं जाऊंगी.”

 शारदाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि स्टूल आणून तिच्या पायाशी ठेवलं, म्हणजे तिचा हात वरपर्यंत पोहोचेल. माझ्या फुटलेल्या अंगावर, चिरेच्या दोन्ही बाजूंनी, वाकड्यातिकड्या अक्षरांत तिनं लिहिलं: ‘जनार्दन भैया नहीं रहे. सिलाई केंद्र कल से खुला है. कांचन, शिक्षिका.’

ते दोघे भाऊ आले, मित्रांनो. त्याच आठवड्यात आले. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी वाचलं आणि अंगणाकडे वळले. दारात कांचन उभी होती, तिच्या मागे बावीस बायका, आणि प्रत्येकीच्या हातात कापड बेतायची मोठी कात्री. कुणी शिवी दिली नाही, कुणी आरडाओरडा केला नाही. भावांनी त्या कात्र्यांकडे बघितलं आणि ते आल्या वाटेनं गेले. नंतर समथरच्या बसमधून कुठलाच निरोप आला नाही.

पुढे नवी इमारत झाली, काचेचे फलक आले, आणि मी अडगळीच्या खोलीत गेलो. वाळवी लागली आहे. विद्याधर गेला, शारदाबाई गेल्या. सगळ्यात जास्त आठवतो तो जनार्दन, आणि आठवला की माझी चीर दुखते. लाकडाला दुखत नाही म्हणतात, म्हणू देत.

बाळांनो, तुमच्यापाशीही उद्या फळे असतील, माझ्याहून मोठे, सगळ्या जगाला दिसणारे. कुणाचं भलं करायला निघालात, कुणाला लपवायला, मिरवायला किंवा दूर पाठवायला निघालात, तर आधी त्या माणसाला विचारा. मला कुऱ्हाडीनं पाडताना कुणी विचारलं नाही, ते चालून गेलं. मी लाकूड होतो. माणसाला विचारा.