तळमजल्यावरचं गिऱ्हाईक

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीचीच लिफ्ट बंद! चाकोबाला हसावं की रडावं कळेना. व्हीलचेअरवर फिरतो म्हणून दोस्तांनी त्याचा चाकोबा केला होता, आणि तोही ते नाव हौसेनं मिरवायचा.

मुलाखत होती तिसऱ्या मजल्यावर. काम तक्रारीचे फोन घ्यायचं. बोलण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता, पण याआधी दोन ठिकाणी नुसती चाकं बघूनच ‘जागा भरली’ झालं होतं. आज वेळेत वर पोचला नाही, तर ही जागाही मालकाच्या भाच्याच्या घशात जाणार होती.

अपंगांना नोकऱ्या मिळवून देणाऱ्या केंद्रातल्या ताई सोबत आल्या होत्या. त्या जिन्याकडे बघत म्हणाल्या, ‘दोन माणसं बोलावते. उचलून नेतील.’

‘मी काय कपाट आहे का, ताई? आज नेतील. रोज कोण नेणार? थांबा, गंमत बघा.’

दारावरच्या पाटीवर तक्रारीचा नंबर होता. चाकोबानं तोच फिरवला. मालकानंच उचलला.

‘लिफ्ट बंद पडलीय हो.’

‘माणूस निघालाय साहेब! वाटेतच आहे.’

‘अरे वा! पत्ता न विचारताच?’

पलीकडून नुसतं खाकरणं. मग, ‘...सांगा पत्ता.’

‘तुमच्या पायाखाली. तळमजला. मुलाखतीला आलोय.’

ताईंनी तोंडात रुमाल कोंबला.

मालक धापा टाकत खाली उतरला. मागोमाग चहाचा कप सांभाळत मिस्त्री.

‘मला शहाणपण शिकवतोस?’ मालक तापलाच. तेवढ्यात त्याच्या हातातला फोन वाजला आणि चेहरा पडला. ‘आल्या काकू! यांचीही लिफ्ट बंद, सकाळपासून डोकं खातायत.’

‘द्या इकडे.’ चाकोबानं फोन घेतलासुद्धा. ‘नमस्कार काकू. खोटं नाही सांगणार, माणूस निघालेला नाही. माझ्यासमोर चहा ढोसतोय. दोन घोट उरलेत. ते संपले की हाकलतो, आणि निघाला की मीच तुम्हाला फोन करतो.’

काकू शिव्या द्यायच्या तयारीत होत्या, पण हसू फुटलं. ‘बिस्किट देऊ नकोस हं मेल्याला!’

मिस्त्रीनं चहा घटाघट संपवला आणि पळाला.

मालक डोकं खाजवत राहिला. ‘उद्यापासून ये.’

‘आणि भाचा?’ ताईंनी विचारलं.

‘तो काकूंचा नंबर दिसला की संडासात जाऊन बसतो.’

‘येतो,’ चाकोबा म्हणाला, ‘पण लिफ्ट चालू पाहिजे. रोज खालून तक्रार केली, तर वर फोन उचलायला कोण असणार?’

काकूंकडून परतल्यावर मिस्त्रीनं रात्रीपर्यंत खपून लिफ्ट चालू केली. सकाळी चाकोबा ऐटीत वर गेला, टेबलाशी खुर्ची भिडवली, तोच पहिला फोन.

‘अरे, मी मालक! दोन मजल्यांच्या मधे लटकलोय!’

चाकोबानं वळून मिस्त्रीकडे पाहिलं.

‘खोटं नाही सांगणार, मालक. अजून अर्धा कप आहे.’