सुधारलेलं गाणं

"काका, इथं एक हंबरणं टाकू?" रेकॉर्डिंगवाल्या पोराने विचारलं.

"कुणाचं?" बाजा म्हणाला.

"गायीचं हो. कॉम्प्युटरमध्ये आहे."

मालकाच्या कुरणावर गुरं राखण्यात अर्धा जन्म गेलेला माणूस गायीचं हंबरणं ऐकायला शहरात आला होता. ऐकलं तर ते म्हशीचं निघालं.

त्याच्या खिशात सदा माउथ ऑर्गन असे, म्हणून त्याचं नाव बाजा पडलेलं. बायको गेली तेव्हा त्याने हे गाणं रचलं. माणसांसमोर म्हणायची लाज वाटे, म्हणून दूध काढताना म्हणे. गायींना अशी सवय जडली की गाण्याशिवाय त्या पान्हाच सोडत नसत. शेवटी ते रेकॉर्ड करायचा लेकीने हट्ट धरला, "तुमच्यामागे आईचं गाणं कुठे शोधायचं बाबा? गोठ्यात?"

आता तीच लेक काचेपलीकडे मान डोलावत होती.

"जरा रडकं आहे," पोरगा म्हणाला. "लग्नात कुणी वाजवणार नाही."

"बाळा, ती मेली त्याचं गाणं आहे."

"तेच म्हणतो. वेग वाढवू."

वेग वाढला. ढोल आले. 'तू गेलीस, घर गप्प झालं' या ओळीनंतर कुणीतरी दणक्यात ओरडलं, "होऊन जाऊ दे!"

बाजाला घासात झुरळ निघाल्यासारखं झालं.

"बाबा, आता ऐकताना रडू येत नाही," लेक जिना उतरताना म्हणाली. "बरं झालं ना?"

"हं," म्हणून तो गटाराशी जाऊन थुंकला.

मालकाला मात्र गाणं बेहद्द आवडलं. त्याने गोठ्यात स्पीकर टांगला. "तू नुसतं दूध काढ. गळ्याला सुट्टी!"

सकाळी ढोल सुरू झाले. "होऊन जाऊ दे" होताच आत्याबाई नावाच्या वयस्कर गायीने लाथ झाडली आणि बादली मालकाच्या बुटात रिकामी झाली. बाकीच्या गायींनीही पान्हा चोरला.

"अडाणी जनावरं!" मालकाने स्पीकरची वायर उपटली. "चांगल्याची कदरच नाही. म्हण बाबा, तूच म्हण."

बाजा आत्याबाईच्या पोटाशी बसला. डोळे मिटून त्याने गाणं धरलं, हळू, दुखऱ्या गुडघ्यांनी बायको अंगणात चालायची तितकं हळू. पण आवाजामागून, कुणी बोलावलं नसताना, ढोल चालत आले. त्याने दात आवळले, 'तू गेलीस, घर गप्प झालं' एवढी ओळ कशीबशी तडीस नेली.

"होऊन जाऊ दे!"

कोण ओरडलं ते त्याला क्षणभर कळलंच नाही. मालक टाळी वाजवून हसला, "वा! तुझ्या तोंडात बसलं की!"

बाजाने बाहीने ओठ खसाखसा पुसले. मग तोंड घट्ट मिटून तो कोरडे सड ओढत राहिला. आत्याबाई मान वळवून त्याच्याकडे बघत होती. तिला पुढची ओळ हवी होती.