'उपस्थित राहता आले नाही'

मी कुमारकाकांच्या टेबलावरचा कीबोर्ड बोलतोय. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मला आठवतं ते पनवेलच्या दुकानातलं काचेचं कपाट. तिथून काकांचा मुलगा निनाद मला घरी घेऊन आला. माझ्या बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवून त्याने वडिलांना सांगितलं, की आता रिटायर झालात, आठवणी लिहा.

काकांनी ते फारच मनावर घेतलं. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते माझ्यासमोर बसायचे. बटण चुकलं तर मलाच सॉरी म्हणायचे. सगळी नोकरी न्हावा शेवा बंदरावर, एका कंपनीच्या ऑफिसात पत्रं लिहिण्यात गेलेली, त्यामुळे आठवणीही पत्रासारख्याच उतरू लागल्या. 'सदर विवाह पनवेल येथे संपन्न करण्यात आला.' 'तदनंतर पुत्ररत्नाची प्राप्ती झाली.' या सगळ्यात 'मी' हा शब्द क्वचितच यायचा.

संध्याकाळी काका लिहिलेलं वाचून दाखवायचे आणि माधुरीकाकू लसूण सोलत ऐकायच्या. आपलं लग्न कंपनीने लावलं होतं का, असं त्यांनी एकदा विचारलं. काका हसले. पण लिहिताना असंच लिहायचं असतं म्हणाले आणि वाक्य तसंच ठेवलं.

मग प्राजक्ताचं पान आलं. ती निनादच्या आधीची मुलगी. जेमतेम पावलं टाकायला लागली होती, तापाने गेली. काकांनी लिहिलं, 'वाहतूक कोंडीमुळे अंतिम समयी उपस्थित राहता आले नाही.'

काकूंचा हात थांबला. "एवढंच? तिचं नावसुद्धा नाही. तेव्हाही तुम्ही ट्रॅफिक होतं इतकंच म्हणालात."

त्या उठून आत गेल्या. काकांची बोटं माझ्यावर नुसतीच टेकून राहिली. मग त्यांनी ते वाक्य एकेक अक्षर करत पुसलं. नंतर जे उमटलं ते तुटक होतं. शब्द सगळे घरातले.

'प्राजू गेली. पळस्प्याला ट्रेलर अडकले होते. मी कंपनीच्या बसमधून उतरलो. चालत निघालो. मग पळालो. चप्पल तुटली, ती टाकून दिली. पोचलो तेव्हा माधुरी तिला मांडीवर घेऊन बसली होती. मी पळत आलो, हे सांगून काय होणार होतं? म्हणून बोललो नाही.'

हे त्यांनी वाचून दाखवलं नाही. काकूंना हाक मारून खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभे राहिले.

काकूंनी दोनदा वाचलं. "मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही काम उरकून निघालात."

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकूंनी त्यावर आपला हात ठेवला. माझ्यावर दोन थेंब पडले, कुणाचे ते मला कळलं नाही.

आता माझी काही बटणं अडकतात. निनाद नवा कीबोर्ड आणतो म्हणतोय. त्याला माझं एवढंच सांगणं आहे, की बाबा रे, एवढ्यात नको. हल्ली प्राजूच्या आठवणी काकू सांगतात आणि काका टाइप करतात. काकूंचं वाक्य 'आणि मग', 'आणि मग' करत पानभर जातं. परवा काकांनी विचारलं, इथे पूर्णविराम देऊ का?

"थांबा," काकू म्हणाल्या, "अजून ती झोपलेली नाही."