खेळायची खोली

माझं नाव हनुमान, ही काय माझी चूक हाय का? चैती पुनवेला जन्मलो, आईचा नवस होता, बापाने दुसरं नाव ठेवायचा सवालच नव्हता. त्यात अंग असं, की शाळेत मी बाकावर टेकलो की शेजारचा पोरगा खाली पडायचा. त्यात गाव सापगाव, शहापूरच्या बाजूला. नाव, अंग आणि गाव, असं तिन्ही बाजूंनी कोंडलेलं. शहरातल्या माणसाने मला बघितलं की त्याच्या तोंडात एकच शब्द येतो, कबड्डी.

आणि मला कबड्डी आवडत नाय. नाय म्हणजे नाय! कोणीतरी घामट हाताने घोटा धरतो, वरून पाच जण अंगावर पडतात, नाकातोंडात माती जाते आणि बाहेर लोक शिट्ट्या मारतात. यात मजा कुठे आली, सांगा बरं? धरून ठेवलेलं मला सहनच होत नाय, जीव घुसमटतो. आमच्या गावात हे बोलायची सोय नाय. माझा मोठा भाऊ महिपत गावच्या संघाचा चढाईपटू. त्याच्यासमोर बोललो असतो तर घरात भाकर मिळाली नसती.

मला आवडतो टेबल टेनिस. हसा, हसा. सगळेच हसतात.

शहापूरला हायस्कुलात होतो तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वाल्मिक नावाचा ऑपरेटर होता. तिथल्या मागच्या खोलीत त्यांचं एक टेबल होतं. दुपारची ड्युटी संपली की वाल्मिकला खेळायला कोणी जोडीदार नसायचा. एक दिवस मी बाहेरून खिडकीत तोंड घालून बघत होतो, तर तो म्हणाला, "आत ये रे जाड्या, बॅट धर." त्या दिवसापासून दहावी होईपर्यंत मी रोज गेलो. समोरचा माणूस टेबलाच्या पलीकडे. तो मला हात लावत नाय, मी त्याला लावत नाय. मध्ये फक्त तो एवढासा पांढरा चेंडू. आणि मी, ज्याच्या चालण्याने घरातली मडकी हलतात तो मी, तिथे पिसासारखा हलका असायचो. वाल्मिक म्हणायचा, "तुझा हात भारी मऊ आहे रे." माझ्याबद्दल मऊ हा शब्द दुसऱ्या कोणी कधी काढला नाय. पुढे त्याची बदली झाली आणि ती खोली सामानाने भरली. तिथेच सगळं संपलं.

मंग अठ्ठ्याण्णव साली मुरबाडच्या एका प्लास्टिकच्या कंपनीत इंटरव्ह्यूला गेलो. आता तिथे काय घोळ झाला तो ऐका. माझं आतलं बनियन फाटलेलं, म्हणून शर्टाच्या आत महिपतचा मंडळाचा टी-शर्ट घातला होता. किन्हवलीच्या पुढे एस.टी.त एक मावशी चढली, तिच्या टोपलीतलं मासळीचं पाणी माझ्या इस्त्रीच्या शर्टावर. असला वास, की मला माझीच शिसारी आली. साहेबासमोर असं कसं जायचं? मुरबाडच्या स्टँडवर शर्ट काढून पिशवीत कोंबला आणि तसाच गेलो. छातीवर मोठ्या लाल अक्षरांत, 'जय हनुमान, सापगाव'.

पर्सोनेल मॅनेजर टिपणीस साहेब, मुलुंडचे, गोरेपान, बोलायला गोड माणूस. त्यांनी माझा अर्ज बघितला, मंग छाती बघितली.

"हनुमान! अरे, तुझ्या नावाने संघच आहे गावात?"

"साहेब, ते देवाचं नाव हाय."

"आणि वर विनम्र!" साहेब टेबलावर थाप मारून म्हणाले. "आम्हाला कंपनीच्या कबड्डी संघात असाच मातीतला माणूस हवा होता."

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण नोकरी लागत होती. मी मान डोलावली. तुमी काय केलं असतं?

तेव्हापासून मी अडकलो तो अडकलोच. मुरबाडच्या कंपन्यांचे दर हिवाळ्यात कबड्डीचे सामने व्हायचे. मला कोपऱ्यात उभं केलं. माझं वजनच एवढं, की समोरचा पोरगा माझ्या हाताखाली सापडला की उठायचाच नाय. खेळ म्हणून मला काय येत नव्हतं, मी नुसता पडायचो. पण आमी जिंकायला लागलो. झालं! कँटीनवाला न मागता दोन चपात्या जास्त वाढायचा. कोणी नावाने हाक मारेना, सगळे "पैलवान, पैलवान". दिवाळीला सगळ्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं, मला लाकडी मुद्गल. साहेबांकडे मुंबईचे पाहुणे आले की मला मशीनवरून बोलावून घ्यायचे. "हा आमचा हनुमान. कुस्ती काय, बैलगाड्यांची शर्यत काय, कबड्डी काय, यांच्या रक्तातच असतं हो!" अहो, मी बैलाला घाबरतो! लहानपणी एका बैलाने मला गवताच्या उडवीपर्यंत पळवलेला, तेव्हापासून बैल दिसला की मी वाट बदलतो. पण पाहुणे दंडाला हात लावून बघायचे, जत्रेत बैल बघतात तसे. मी दात काढायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

एकदा काळूरामला सांगितलं. काळूराम आमचा कॅप्टन, मुरबाडचाच, मनाने चांगला. मी म्हटलं, "काळ्या, मला खरं म्हणजे टेबल टेनिस आवडतो रे."

तो म्हणाला, "ती टिकटिक? पोरी खेळतात ती? गपय, कोणी ऐकलं तर संघाची इज्जत जाईल."

आता मुद्द्याचं सांगतो. आमच्या हजेरीच्या टाइम ऑफिसच्या वर एक खोली होती. कंपनी सुरू झाली तेव्हा स्टाफसाठी म्हणून तिथे टेबल टेनिसचं टेबल आणलेलं, पण स्टाफ रोज पाचला गाडी धरून ठाण्या-मुलुंडला पळायचा. खोलीला कुलूप. जिन्यावर उभं राहिलं की खिडकीच्या काचेतून आतलं दिसायचं. हिरवं टेबल, त्यावर चादर, जाळी तशीच लावलेली. मी रोज जेवणाच्या सुट्टीत जिन्यावर जाऊन बिडी ओढायचो. बिडीचा नुसता बहाणा. मला ते टेबल बघायचं असायचं. एवढ्या वर्षांत त्या कंपनीत मला दुसरं काय पायजे नव्हतं. पगारवाढ सगळ्यांनी मागितली, मी नाय. एकदा, फक्त एकदा ती खोली उघडावी आणि माझ्या हातात बॅट असावी.

हे खोलीचं फक्त रेश्माला ठाऊक होतं. रेश्मा माझी बायको, डोळखांबकडची. लग्नाआधी बघायला गेलो तेव्हा तिने विचारलेलं, "तुमाला काय आवडतं?" मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "टेबलावर चढून खेळतात?" मी समजावलं. ती हसली नाय. तेवढ्यावरच मी हो म्हटलं. एरवी तिच्या माहेरीसुद्धा जावई आला की सासरे पहिलं विचारणार, "यंदा कुठे कुठे खेळलात?"

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात आमी कप जिंकलो. फायनलला मी शेवटच्या पोराला असा दाबला, की तो बिचारा रडला. कंपनीच्या आवारात मांडव घातला, मोठे मालक आले, हारतुरे झाले. टिपणीस साहेबांनी माईकवरून सांगितलं, "या विजयाचा मानकरी हनुमान! हनुमान, आज माग. काय पाहिजे ते माग."

सगळी कंपनी बघतेय. काळूराम खालून बोटं दाखवतोय, गाडी माग, गाडी माग. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "साहेब, ती वरची खोली उघडून द्या. खेळायला."

आणि टाळ्यांचा कडकडाट! मालकांनी उठून माझी पाठ थोपटली. "बघा, स्वतःसाठी काही मागितलं नाही. खेळासाठी मागितलं." साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. म्हटलं, समजलं रे यांना, शेवटी समजलं!

घरी जाऊन रेश्माला सांगितलं. तिने त्याच दिवशी देवापुढे साखर ठेवली. मी कल्याणला जाऊन बॅट आणली, लाल रबराची. रेश्मा भाकरी थापताना मी चुलीपुढे नुसता हात फिरवून दाखवायचो. ती म्हणायची, "पहिल्या दिवशी कोणाबरोबर खेळणार?" मी म्हणायचो, "कोणी नसला तर भिंतीबरोबर." मला झोप लागत नव्हती.

पुढच्या आठवड्यात साहेबांचं बोलावणं आलं. मी पिशवीत बॅट घेऊन जिना चढलो. खोली उघडी होती. खिडक्या उघड्या, केरकचरा काढलेला, ऊन थेट आत आलेलं. मध्ये ते टेबल, चादर काढलेली. एवढ्या जवळून मी ते पहिल्यांदा बघत होतो. मी त्यावरून हात फिरवला. भिंतीशी मात्र जाडजूड निळ्या गाद्यांच्या गुंडाळ्या उभ्या होत्या.

"ये हनुमान!" साहेब म्हणाले. "बघ, शब्द पाळला की नाही? मुंबईहून मॅट मागवल्या. आता माती नको, खरचटणं नको. बारा महिने सराव! चल, हे टेबल आधी बाहेर काढू. तू आहेस म्हणून बरं, बाकीच्यांना उचलणार नाही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि कोणाच्या कानफटात मारू असं झालं. मारायची तर माझ्याच मारावी लागली असती. आमच्याकडे खेळ म्हटलं की कबड्डी. दुसऱ्या खेळांना नावं असतात, क्रिकेट, कॅरम, गोट्या. कबड्डीला नुसतं खेळ. 'पोरगा खेळतो का?' म्हणजे कबड्डी खेळतो का. 'खेळायला गेलाय' म्हणजे कुठल्या तरी गावच्या सामन्याला गेलाय. हा शब्द मी आईच्या मांडीवर शिकलो, साहेब दर सामन्याला आमच्या शेजारी बसून बसून शिकले, आणि भर मांडवात माईकवर मी नेमका तोच बोललो. खेळायला! अरे हनम्या, टेबल म्हणायला काय तुझी जीभ झडली होती?

पण अजून टेबल जागेवर होतं. मी धीर केला.

"साहेब, मला टेबलच पायजे होतं."

"टेबल?" साहेब गोंधळले. "ऑफिसात बसायचंय का? क्लार्क व्हायचंय?"

"नाय साहेब. हे टेबल. मी टेबल टेनिस खेळतो. मला तोच आवडतो. कबड्डी मला पहिल्यापासून आवडत नाय."

बोललो! एवढ्या वर्षांचं एका दमात बोललो. पिशवीतून बॅट काढून दाखवली. खोलीत साहेब, काळूराम, टाइम ऑफिसचे दोघं आणि दारात कँटीनवाला. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मंग काळूराम फुटला. पोट धरून खाली बसला. टाइम ऑफिसवाले भिंतीला टेकले. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अरे देवा! हनुमान, तू इतका विनोदी आहेस हे माहीतच नव्हतं! आणि बॅट पण घेऊन आलास! खास त्यासाठी विकत आणलीस?"

"हो."

त्यावर आणखी हसले. "हे मालकांना सांगायलाच हवं," साहेब म्हणाले, आणि प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. खोटं नाय सांगत, अगदी प्रेमाने. त्यांनी हिडीसफिडीस केलं असतं तर मी भांडलो असतो. या असल्या मायेशी भांडायचं कसं?

टेबल मीच उचललं. एका बाजूला मी एकटा, दुसऱ्या बाजूला तिघं. दारातून जाईना, म्हणून पाय सोडवले आणि दोन भाग केले. कँटीनवाला खूश झाला, त्याला कांदे कापायला लांबरुंद फळी मिळाली. वर मॅट अंथरल्या, नारळ मला फोडायला लावला. फोटोवाला म्हणाला, "पैलवान, एक चढाई होऊन जाऊ दे." काळूराम आणि बाकीचे पुढ्यात हात पसरून उभे राहिले. मी शिरलो. त्यांनी मला धरलं, सात जण अंगावर पडले, आणि निळ्या मॅटवर गाल दाबून मी फोटो होईपर्यंत पडून राहिलो.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा रेश्मा दारातच उभी होती. चुलीवर शेवयांची खीर उकळत होती, वास अंगणापर्यंत.

"उघडली खोली?"

"उघडली."

"खरं सांगताव? मंग, खेळलात?"

तिचं तोंड एवढं उजळलं होतं, की मला दुसरं काय बोलवलं नाय.

"खेळलो," मी म्हटलं.