मायवरम्‌ची गाडी

“तीनदा काफी झाली, आता चौथी. जिभेला हाड नाही नि पोटाला बूड नाही,” असं पुटपुटत मीनाक्षीबाईंनी दुधाचं पातेलं पुन्हा चुलीवर आदळलं. बाहेर ओट्यावर त्यांचा लेक चंद्रमौली मोठमोठ्यानं हसत होता. घरात उद्याची तयारी पडलेली, सोजीचा रवा भाजायचा, केळीची पानं पुसायची, आणि हा जावयासारखा पाय पसरून फुटबॉलच्या गप्पा हाणतोय.

उद्या संध्याकाळच्या गाडीनं आडुतुरैहून पाहुणे वत्सलेला बघायला यायचे होते. मुलगा बिजवर होता, पण माणसं बरी वाटत होती. पंचविशी उलटलेल्या मुलीच्या आईनं याहून जास्त मागू नये, असं मीनाक्षीबाईंनी स्वतःला बजावलं होतं. दुसऱ्या कुणी बजावलं असतं तर त्याची धडगत नव्हती.

शनिवारी या वेळी त्या मठात भजनाला असत. आज कामासाठी घरी राहिल्या, म्हणून ओट्यावरची ही मैफल त्यांच्या कानांवर पहिल्यांदाच पडत होती.

कावेरी क्लबचं मैदान गेलं होतं. रुळांना लागूनची ती जागा भाताच्या गिरणीवाल्यानं घेतली, नि सकाळी त्याची माणसं चुन्याच्या रेघा मारून गेली. क्लबचे जुने सोबती मयतीला जमावं तसे जमले, नि मयतीत होतं तसंच आधी गप्प बसून मग हसायला लागले. तमिळ गुरुमूर्ति होता म्हणून अर्धं बोलणं तमिळात चाललं होतं. एकदा चेंडू वैरणीच्या गाडीत पडून पार पट्टीश्वरम्‌ला गेला. व्यंकोबा त्याच्यामागे चालत गेला आणि चेंडूबरोबर देवीचा प्रसादही घेऊन आला. प्रसाद वाटेपर्यंत सामना थांबवला होता म्हणे. गोलाच्या मागे चिंचेला बांधलेली म्हैस कुणाची, यावरून जानकीराम अजून भांडत होता.

मग गुरुमूर्ति म्हणाला, मायवरम्‌वाल्यांना मारलेला तो गोल सांग.

मीनाक्षीबाईंचा रवा परतणारा हात थांबला.

तो सामना त्यांनी पाहिला नव्हता, पण विसरल्याही नव्हत्या. स्वातंत्र्याच्या पुढल्या वर्षी, त्याच संध्याकाळी, वत्सलेचा नवरदेव तिरुविडैमरुदूरहून मायवरम्‌च्या गाडीनं लग्नाला यायचा होता. बाप नसलेल्या घरात वराला स्टेशनावर माळ घालून आणायचा मान मुलीच्या भावाचा. माळ केळीच्या पानात बांधून चंद्रमौलीच्या हातात दिली होती. मैदान काय, स्टेशनाला चिकटून आहे, शिट्टी ऐकली की धावत जातो, असं सांगून तो माळ घेऊन खेळायला गेला. फलाटावर काका उभे, वाजंत्री उभे. भाऊ नाही, माळ नाही. वरबापानं एकच विचारलं, मुलीला भाऊ आहे की नाही? आणि उलट गाडीनं सगळी मंडळी परत गेली.

गर्दीच्या ओरड्यात शिट्टी ऐकू आली नाही, असं चंद्रमौलीनं आईच्या पायांवर हात ठेवून सांगितलं. मीनाक्षीबाईंनी ते मानलं, नि मग गावाला मानायला लावलं. नळावर, मठात, देवळाच्या तळ्यावर कुणी तोंड उघडलं की त्या म्हणत, माझ्या लेकाला ऐकू आलं नाही, पण त्यांना एवढी घाई कशाची? खानदानी माणूस अर्धा तास थांबतो. त्यांच्यासमोर पुन्हा तो विषय काढायची कुणाची छाती झाली नाही.

बाहेर चंद्रमौलीनं घसा साफ केला.

“त्यांचा गोलकीपर ताडाएवढा. तीनदा मारला, तीनदा अडवला. म्हटलं, आता गाडी येऊ दे. आपल्या मैदानाचं बळ तेच. बाहेरचा कितीही शहाणा असो, एवढ्या जवळ शिट्टी झाली की मान वळतेच. आपल्याला सवय. मी चेंडू पायात घेऊन नुसता घोळवत राहिलो. गाडीचीच वाट बघत होतो. पुलाजवळ शिट्टी झाली, त्याची मान वळली, नि मी...”

पुढचं टाळ्यांत बुडालं.

“नि गोल झाल्यावर गळ्यात ती माळ,” जानकीराम म्हणाला. “अगदी नवरदेव दिसत होतास.”

त्यावर मात्र कुणी हसलं नाही. कुणीतरी खाकरलं.

चुलीवरचा रवा करपायला लागला. वत्सलेनं पुढं होऊन कढई उतरवली नि पुन्हा काफी गाळायला बसली. मीनाक्षीबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

“तू हे आधी ऐकलंयस?”

“दर शनिवारी ऐकतें, आई,” वत्सला म्हणाली. “आज जरा लांबवून सांगितलं. मैदान गेलं ना.”

तिनं पेले भरले. एका पेल्यात साखर कमी घातली. चंद्रमौलीअण्णाला तशी लागे.

का सांगितलं नाहीस, असं मीनाक्षीबाईंनी विचारलं नाही. नळावर त्या गावाशी भांडत, तेव्हा ही पोरगी शेजारी भरली घागर घेऊन उभी असायची. खाली बघत. त्यांनी तिच्या हातातलं ताट घेतलं, पदर डोक्यावरून नीट ओढला नि स्वतः ओट्यावर आल्या. मंडळींनी पाय आवरले.

“मामी, उद्याची काळजी नको,” व्यंकोबा म्हणाला. “आम्ही सगळे चंद्रमौलीबरोबर स्टेशनावर येतो.”

“टांगाही सांगून ठेवलाय, आई,” चंद्रमौली म्हणाला.

मीनाक्षीबाईंनी एकेकाच्या हातात पेला दिला.

“उद्या पाहुण्यांना आणायला मी जाणार आहे.”

चंद्रमौलीनं आईच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं नि आवाज खाली आणला.

“पहिल्याच पावलाला तू समोर? लोक अपशकुन म्हणतील, आई.”

तेवढ्यात लांब पुलाकडे मायवरम्‌च्या गाडीची शिट्टी झाली. ओट्यावरच्या एकाचीही मान वळली नाही.

“ऐकू आली?” मीनाक्षीबाईंनी विचारलं.

शेवटचा पेला त्यांनी चंद्रमौलीसमोर ठेवला.

“आठ वर्षं गावाशी भांडलें मी, तुझ्या कानांसाठी. अपशकुन स्टेशनावर जात नाही, चंद्रा. तो घरच्या ओट्यावर बसून काफी पितो. पी.”