झोपून धरलेला नेम

गेमच्या कंपनीत तिचं काम आकड्यांचं होतं. खेळणाऱ्याने उभ्याने गोळी झाडली तर ती ताटाएवढ्या वर्तुळात कुठेही लागावी, गुडघा टेकून झाडली तर बशीएवढ्या आणि जमिनीवर पालथं पडून झाडली तर बटणाएवढ्या, हे तिने ठरवलेलं. फुकट काही द्यायचं नाही, हा त्या धंद्याचा दंडक. म्हणून पालथं पडलेल्याची मान तिने जड करून ठेवली होती. माउस कितीही ओढा, नजर सावकाशच वळणार. बाजूने कोणी आलं तर पडल्या पडल्या मेलात.

बरेच दिवस कोणाची तक्रार नव्हती. मग लोकांना गवताचा शोध लागला. जो तो गवतात पालथा पडून राहायचा, उभा माणूस दिसला की टिपायचा, आणि मेलेला कंपनीला शिव्या लिहून पाठवायचा. त्या शिव्या वाचायचं काम एका टेस्टरकडे होतं. तो त्या जशाच्या तशा, सुरासकट म्हणून दाखवायचा, म्हणून ऑफिसात त्याला पोपट म्हणत.

"'हा युद्धाचा गेम आहे की दुपारच्या झोपेचा?'" पोपटाने वाचलं. "हे त्यातल्या त्यात सभ्य आहे. पुढचं मी आईसमोर वाचणार नाही."

"त्या बटणाएवढ्या वर्तुळाची वाटी करून टाका," टीमचा प्रमुख म्हणाला. बोलताना तो उभा राहायचा आणि फळ्याशिवाय त्याला काही समजावता यायचं नाही, म्हणून तो हेडमास्तर.

"नको," ती म्हणाली.

तिने कारणं दिली, दुसरे उपाय सुचवले. गवत विरळ करू. पडलेल्याची सावली गडद करू. दर बैठकीला ती नवं कारण घेऊन यायची, आणि एकही कारण खोटं नव्हतं. खरं कारण मात्र तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

तिच्या बाबांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली. हात कापायला लागला तसं आधी स्टिअरिंग सुटलं, मग भरलेला कप, मग सही. बँकेतला कारकून जुनी सही आणि नवी सही शेजारी ठेवून बघत बसला, त्या दिवसापासून बाबांनी बाहेर जायचं बंद केलं. घरात बसून कंटाळले, तेव्हा एकदा म्हणाले, "तुझा तो मारामारीचा खेळ दाखव बघू. पगार कशाचा मिळतो ते तरी कळू दे."

तिने माउस त्यांच्या हाताखाली दिला. पडद्यावरचं सगळं थरथरायला लागलं.

"हा माझा शिपाई पिऊन आलाय का गं?"

"त्याला खाली झोपवा, बाबा. हे बटण दाबा."

शिपाई पालथा पडला आणि समोरचं चित्र थांबलं. गवताची पाती, पलीकडचा पूल, पुलावरचा मोडका ट्रक, सगळं जागच्या जागी. बाबांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हाताकडे. हात कापतच होता.

"इथे नाही कापत," ते म्हणाले.

त्यानंतर रोज दुपारी ते तिच्या खुर्चीत बसून गवतात पडलेले असायचे. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते गेले. तिच्या हिशेबी ते बटणाएवढं वर्तुळ बाबांचं होतं. हात थांबला तो त्या आकड्याने. माणूस परत येणार नाही हे तिला चांगलं समजत होतं. पण आकडा होता, आणि तो तिच्या ताब्यात होता.

"ठीक आहे," शेवटी हेडमास्तर म्हणाला. "मग आपल्या पद्धतीने होऊ दे."

त्यांच्याकडे पद्धत अशी होती की बदलाला ज्याचा विरोध, त्याने दिवसभर तो बदल लावून खेळायचं आणि मगच तोंड उघडायचं. पोपटाने तिच्या मशीनवर बटणाची वाटी करून दिली आणि शेजारी स्टूल ओढून बसला.

ती गवतात पडली. गोळ्या उजवीकडे गेल्या, डावीकडे गेल्या, एक समोरच्याच्या कानाजवळून गेली. तो माणूस वळला, तिच्यापर्यंत चालत आला आणि त्याने तिला मारलं.

"छान चाललंय," पोपट म्हणाला. "तो चहा पिऊन आला असता तरी चाललं असतं."

पुढच्या डावात ती पडून राहिली आणि तिने मनगट सैल सोडलं. बाबांचं कापायचं तसं ते कापू दिलं.

"काय करतेस? माउस बिघडलाय का?"

 मनगट थरथरत होतं. पडद्यावर पूल हलला नाही, ट्रक हलला नाही. वाटीएवढं वर्तुळ लावलेलं, तरी चित्र जागच्या जागी होतं.

"ऐक," ती म्हणाली. "परत बटण कर. आणि मानेचं ओझं काढून टाक."

"पूर्ण? मग काय मजा करतील लेकाचे."

"कर तर."

त्याने केलं. तिने पुन्हा मनगट सोडलं आणि पूल पिसाळल्यासारखा उड्या मारायला लागला.

जड मानेपर्यंत हाताची थरथर पोचत नव्हती, एवढीच गोष्ट होती. जो दंड म्हणून तिने लावला होता, ज्याला सगळे शिव्या घालायचे, त्याने बाबांचा हात धरून ठेवला होता. दोन्ही आकडे तिनेच लिहिलेले. इतके दिवस ती भलत्याच आकड्यासाठी भांडत होती.

"हेडमास्तरांना काय सांगू?" पोपटाने विचारलं.

"वाटी करा म्हणावं."

"आणि मान?"

"ती राहू दे."

"तिलाही शिव्या आहेत हं. वाचून दाखवू?"

"नको."

पोपटाने तिच्या मनगटाकडे पाहिलं आणि पुढे काही म्हणून दाखवलं नाही. तिला वाटलं होतं, बरं वाटेल. पण भांडायलाच काही उरलं नव्हतं. उरलेला दिवस ती दुसऱ्या बंदुकांचे आकडे बघत बसली आणि तिला एकही धड दिसला नाही.

संध्याकाळी आई मटार सोलत बसली होती. तीही समोर बसली आणि झाला प्रकार तिने सांगितला.

"म्हणजे आता ह्यांचा नेम लागला नसता," आई म्हणाली.

"त्यांचा नेम आधीही लागत नव्हता, आई."

"काहीतरीच. मला रोज सांगायचे, आज पाचजण लोळवले म्हणून."

"एकही नाही. गोळीच झाडायचे नाहीत."

आई हसली. किती दिवसांनी हसत होती. "थापाडे," ती म्हणाली. मग हसू ओसरलं. "मग दुपारभर करायचे काय तिथे?"

"बघत असायचे."

"काय बघायचे?"

"समोरचं. हलत नव्हतं ना काही."

आईने एक शेंग उकलली. दाणे भांड्यात टाकायचे राहून गेले.

"मला म्हणाले असते," ती म्हणाली, "तर मीही बसले असते बघत."

लेकीने ढिगातली एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली.